घरात आलेली कंपनी

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, ‘पोरगा कंपनीत आहे’ असे कोणी म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. वाळूजला की चिकलठाण्याला? कंपनी म्हणजे गेट, गेटवरचा वॉचमन, पंचिंगचे कार्ड, कॅन्टीनचे जेवण आणि पहाटे चौकात येऊन उभी राहणारी कंपनीची बस. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, तेव्हापासून तर आपल्या वस्त्यांतील घरांची झोप-जाग फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्टवरच चालत आली आहे.

अलीकडे मात्र काही घरांत निराळाच प्रकार दिसतो. मुलगा किंवा मुलगी डिप्लोमा करते, बी.एस्सी., एम.सी.ए. करते आणि घरीच बसते. कानाला हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप, दार लोटलेले. विचारले तर म्हणते, मी कंपनीत आहे. कंपनी कुठे आहे? ऑफिस नाही. साहेब कुठे बसतात? ते बेंगळुरूला त्यांच्या घरी. बरोबरची माणसे? एक कोल्हापूरला, एक इंदूरला, एक केरळात. महिनाअखेर बँकेत पगार मात्र जमा होतो. एका माउलीने आम्हाला अगदी काकुळतीने विचारले, ‘भाऊ, ही नोकरी खरी समजायची का? पोराला स्थळ बघायला गेलो तर मुलीकडचे म्हणाले, मुलगा दिवसभर घरीच असतो काय?’ हा प्रश्न त्या एकट्या माउलीचा नाही, म्हणून आजचे सदर त्यासाठी.

आधी शब्दांचा अर्थ समजून घेऊ. स्टार्टअप म्हणजे नव्याने निघालेली, बहुधा दहा-वीस माणसांची कंपनी. दोघे-चौघे एखादी कल्पना घेऊन उभे राहतात, कोणी गुंतवणूकदार पैसा लावतो आणि नफा हाती लागण्याच्या कितीतरी आधीपासून त्या पैशातून पगार निघू लागतात. रिमोट म्हणजे दुरून. ज्या कंपनीने ऑफिसच काढले नाही, सर्वांनी आपापल्या घरून काम करायचे, ती रिमोट कंपनी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोठ्या कंपन्यांनीही माणसे घरी पाठवली होती, त्यातल्या अनेकांनी पुढे परत बोलावली. परंतु या छोट्या कंपन्यांपैकी पुष्कळशा तशाच राहिल्या, कारण ऑफिसचे भाडे वाचते आणि माणूस कोणत्याही गावचा घेता येतो.

कोणत्याही गावचा म्हणजे खरोखर कोणत्याही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात सांगवी पाटण नावाचे गाव आहे. तेथील दादासाहेब भगत या तरुणाने पुण्यात इन्फोसिसमध्ये महिना नऊ हजारांवर ऑफिस बॉय म्हणून काम केले. काम करता करता तो संगणकावर चित्रे, डिझाइन करायला शिकला. लॉकडाऊनमध्ये गावी परतला तर घरात मोबाइलची रेंज नाही. टेकडीवरच्या गोठ्यापाशी रेंज मिळाली, म्हणून त्याने गोठ्यातच लॅपटॉप मांडले आणि गावातील मित्रांना हाताशी घेऊन काम चालू ठेवले. पुढे २०२४ साली त्याची डिझाइन टेम्प्लेट ही कंपनी टी.व्ही.वरच्या ‘शार्क टँक इंडिया’त गेली आणि तेथे अमन गुप्ता यांनी दहा टक्के हिश्श्यासाठी एक कोटी रुपये देऊ केले. गोठ्याची बातमी सर्वांनी वाचली. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटले ते हे, की तो टेबल-खुर्ची शोधायला गेला नाही, रेंज शोधायला गेला.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे, पण आपल्या शहराला ते चटकन समजेल. युक्रेन देशातील खारकीव्ह शहरात दिमित्री झापोरोझेत्स नावाचा एक प्रोग्रामर राहत असे. त्याच्या घरात नळ नव्हता. रोज सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणावे लागे. असे असूनही या गड्याला पाण्यापेक्षा मोठी अडचण वाटली ती ही, की दूरदूर बसलेल्या प्रोग्रामरांना एकत्र काम करायला धड साधन नाही. म्हणून २०११ साली त्याने ते साधन स्वतःच बनवायला घेतले. नेदरलँड्सच्या सिड सिब्रँडी यांनी ते पाहिले, दोघे एकत्र आले आणि गिटलॅब ही कंपनी उभी राहिली. तिची माणसे साठाहून अधिक देशांत आपापल्या घरून काम करीत असताना, ऑक्टोबर २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात दाखल झाली. गेली कित्येक वर्षे नळाच्या पाण्याची आठवडा आठवडा वाट पाहिलेल्या आपल्या शहराला हा विहिरीवर जाणारा माणूस परका वाटू नये.

या गिटलॅबची एक पद्धत आपल्या मुलांच्या कामाची आहे. तेथे सगळे लिहून ठेवतात. रजा कशी मागायची, चूक झाली तर कोणाला कळवायचे, पगार कसा ठरतो, सारे काही. कंपनीचे हे नियमपुस्तक दोन हजार पानांच्या वर गेले आहे आणि ते कोणालाही वाचायला खुले आहे. असे का करावे लागते? कारण ऑफिसात न समजलेली गोष्ट शेजारच्या टेबलावर विचारता येते. येथे शेजारच नाही.

एका सामान्य दिवसाचे वर्णन या मुलांच्या तोंडून ऐकले ते असे. सकाळी दहाला सगळे पडद्यावर जमतात. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले एवढे सांगायचे, पंधरा मिनिटांत बैठक संपली. मग ज्याचे त्याचे काम. झाले की सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ते चढवायचे. वरिष्ठ तपासतात, चुका लिहून परत पाठवतात, दुरुस्त करून पुन्हा चढवायचे. पाठीमागे सुपरवायझर उभा नाही, लघवीला जायला पास नाही. ज्यांनी शॉप फ्लोअरवर हयात काढली त्या वडिलांना हे सुखच वाटेल, आणि ते सुख आहेही. पण पहिल्या सहा महिन्यांत नवखे पोर अडते आणि अडूनच बसते. दोन-दोन दिवस एका चुकीपाशी. विचारले तर आपल्याला काही येत नाही असे सगळ्यांना कळेल, म्हणून विचारत नाही. तिकडे साहेबाला वाटते, हा काम करीत नाही. आमच्या पाहण्यात तीन मुलांच्या नोकऱ्या गेल्या, त्या काम येत नव्हते म्हणून नव्हे. अडल्याचे कळवले नाही, म्हणून गेल्या.

येथे इंग्रजीचा प्रश्न येतोच. आपली मुले नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून आलेली. पडद्यावर चार जण फाडफाड बोलू लागले की ही गप्प होतात. परंतु या कामातली एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती नीट ओळखली पाहिजे. येथे बोलणे पंधरा मिनिटांचे आणि लिहिणे दिवसभराचे असते. बोलण्यात जीभ अडखळते. लिहिताना मात्र वाक्य दोनदा वाचता येते, शब्द बदलता येतो, शब्दकोश उघडता येतो, आणि समोरच्याला ऐकू येत नाही की आपला उच्चार हर्सूलचा आहे की दिल्लीचा. ‘अमुक करून पाहिले, तमुक चूक आली, आता असे करावे असे वाटते, बरोबर आहे काय?’ एवढी तीन-चार साधी वाक्ये जो मुलगा रोज संध्याकाळी नेमाने लिहून पाठवतो, तो टिकतो. हे कोणत्याही क्लासशिवाय शिकता येते. आई-वडिलांनी विचारायचे झाले तर ‘पगार किती?’ याच्या आधी ‘आज लिहून पाठवलेस का?’ असे विचारावे.

आता अवघड विषयाकडे येतो. दुरून काम केले म्हणजे जात दिसत नाही, असे काही मुले आम्हाला सांगतात. तसे असते तर बरे झाले असते. आपल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी अमेरिकेतील प्राध्यापक पॉल अ‍ॅट्वेल यांच्याबरोबर एक अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. नावावरून दलित वाटणाऱ्या उमेदवाराला पुढे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांशच निघाली. मुसलमान नावाची गत त्याहून वाईट, एक-तृतीयांश. तेथे तरी कोणी कोणाचे तोंड पाहिले होते? कागदावर नाव होते, तेवढे पुरले. पडद्याच्या कोपऱ्यातही नाव असतेच, आडनावासकट.

आणि पडद्यावर भिंतही दिसते. आपल्या घरात बसायची जागा ती केवढी, आणि त्या जागेच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. एका मुलीने आम्हाला सांगितले, नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉप उचलला आणि मोरीच्या दाराकडे पाठ करून बसली, म्हणजे मागे कोरी भिंत यावी. घरात कोणी काही बोलले नाही, पण आजीच्या लक्षात आले. मागची भिंत धूसर करून टाकण्याची सोय आता पडद्यातच असते, पुष्कळ मुले तीच वापरतात. यावर रागावणारी मंडळी आहेत. आम्ही रागावणार नाही. पहिल्या नोकरीचे, सहा महिन्यांच्या प्रोबेशनचे दिवस काय असतात ते ज्याने काढले त्यालाच ठाऊक. परंतु त्या मुलीने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे. प्रोबेशन संपले, कामाबद्दल चांगला शेरा आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपल्या जुन्या जागी येऊन बसली. कोणी विचारले नाही. एकाने मात्र, तो नागपूरचा निघाला, बैठक संपल्यावर वेगळा निरोप पाठवला, ‘जयभीम, ताई.’ चार महिने तोही कोऱ्या भिंतीपुढेच बसत होता.

घरच्यांनी काय करावे, हे तर या पानाचे मूळ काम. दोन खोल्यांचे घर, त्यात टी.व्ही., धाकटी भावंडे, येणारे-जाणारे. लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला काम करतो आहे असे कोणी मानायला तयार नसते, कारण त्याच्या हाताला तेल-ग्रीस लागलेले नसते. ‘घरीच आहेस तर सिलिंडर आणून दे’, ‘घरीच आहेस तर पाणी भर, नळ आलाय’. वाळूजच्या मशीनवर उभ्या असलेल्या मुलाला आपण नळ आल्याचा फोन करतो काय? मुलगा असेल तर निदान एकदा ओरडून सांगतो. मुलगी किंवा सून असेल तर तिचे हाल विचारू नयेत. एका हाताने कुकर, एका हाताने कीबोर्ड. बैठकीत आवाज बंद करून भाजी फोडणीला टाकणारी सून आम्ही स्वतः पाहिली आहे. ती महिना अठ्ठावीस हजार आणते आणि सासूबाई शेजारणीला सांगतात, ‘आमच्या सुनेला काही नोकरी नाही, घरीच कॉम्प्युटरवर काहीतरी करते.’ सासूबाई वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यात कंपनीची बस आहे, ती दारात येत नाही म्हणून नोकरी दिसत नाही.

कामाच्या तासांचेही तसेच. डॉ. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते त्या काळात, १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. म्हणजे दिवसाचे आठ. भोंगा वाजला की पाळी संपली. घरातल्या कंपनीला भोंगा नाही. गिऱ्हाईक अमेरिकेचे असले तर न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. त्यांची सकाळी दहाची बैठक म्हणजे आपली रात्रीची साडेसात किंवा साडेआठ. सकाळी दहाला बसलेला मुलगा रात्री नऊला उठतो, आणि जेवताना ताटाशेजारी फोन. सकाळचे तास कमी करून मिळतील काय, हे नोकरी धरतानाच विचारले पाहिजे. नंतर विचारणाऱ्याला ‘मन लावून काम करीत नाही’ असा शेरा मिळतो.

काम घरात येणे ही गोष्ट तशी नवी नाही. सोलापूर, सिन्नर, कामठी, गोंदियाकडच्या आपल्या किती आया-आज्यांनी घराच्या ओट्यावर विड्या वळल्या. पाने आणि तंबाखू ठेकेदाराची, जागा आपली, दिवा आपला, बोटे आपली. मोजून घेताना ठेकेदार हव्या तेवढ्या विड्या बाद करायचा. कारखानदार म्हणत, या बायका आमच्या कामगारच नाहीत, त्या आपल्या घरी बसून काम करतात. १९६६ च्या विडी कायद्याने घरी काम करणाऱ्यालाही कामगार मानले. पुढे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरी बसून विड्या वळणाऱ्यालाही प्रॉव्हिडंट फंडाचा हक्क आहे. त्यातले कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माल नापास करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याचा कामावर ताबा आहे, मग काम कोठेही होवो. आज वरिष्ठ ज्या चुका लिहून काम परत पाठवतात, ते पाहिले की आम्हाला तो विड्यांचा ढीग आठवतो.

स्टार्टअपवाले आज तोच जुना युक्तिवाद नव्या इंग्रजीत करतात. मुलाला नोकर म्हणत नाहीत, ‘कन्सल्टंट’ म्हणतात. म्हणजे पगाराऐवजी दरमहा फीचे बिल, प्रॉव्हिडंट फंड नाही, भरपगारी रजा नाही. वीस माणसांपेक्षा लहान कंपनीला फंडाची सक्तीही नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत नेमणूकपत्र देण्याचे बंधन मालकावर घातले आहे. ते पत्र मागून घ्यावे. आपण नोकर आहोत की कन्सल्टंट, तास कोणते, प्रोबेशन किती, नोटीस दोन्ही बाजूंनी सारखी की आपल्यालाच तीन महिने आणि त्यांना पंधरा दिवस, लॅपटॉप कोणाचा आणि बिघडला तर खर्च कोणाचा, इंटरनेटचे पैसे मिळतात की नाही, हे सारे त्यात वाचावे. इंग्रजी अवघड वाटले तर वस्तीतल्या वकिलाला दाखवावे. पुष्कळ ठिकाणी पगार कमी करून शेअर देऊ करतात. ते शेअर बहुधा चार वर्षांत थोडेथोडे आपल्या नावावर होतात, पहिले वर्ष पुरे होण्याआधी सुटलात तर काहीच नाही, आणि कंपनी बुडाली तर त्या कागदात भेळ बांधावी. किराणा दुकानदार शेअर घेत नाही. घरभाडे आणि हप्ते निघतील एवढा रोख पगार असेल तरच शेअरचा विचार करावा.

कंपन्या बुडतातही. २०२२ आणि २०२३ साली गुंतवणूकदारांनी हात आखडला तेव्हा हजारो मुलांना एका सकाळच्या बैठकीत नारळ मिळाला, काहींचा लॅपटॉप बैठक संपण्याआधीच बंद झाला. कारखाना बंद पडला तर गेटवर शे-दोनशे माणसे जमतात, युनियनचा फलक लागतो. येथे मुलगा आपल्या खोलीत एकटा असतो आणि बाहेर आईला पत्ताही नसतो. अशा वेळी तो आठवडाभर लॅपटॉप उघडून नुसता बसून राहतो, काम चालू आहे असे दाखवत. घरात तसा संशय आला तर ‘काय रे, काम नाही वाटते?’ असे चारचौघांत विचारू नये. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याची सवय पहिल्या पगारापासून लावली, तर हे दिवस निघतात.

शेवटी लबाडांबद्दल. ‘घरबसल्या टायपिंग करा, महिना तीस हजार कमवा’ म्हणून मोबाइलवर येणाऱ्या जाहिराती या नोकऱ्या नव्हेत. नोंदणीचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे मागणारी कंपनी खरी नसते. काही ठिकाणी आधी काम करून घेतात, मग करारभंग झाला, कोर्टात खेचतो अशी धमकी देऊन उलट पैसे उकळतात. त्यांना एक रुपया देऊ नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबण्याची आशा जास्त.

आणि एक विनंती विहारांच्या कार्यकर्त्यांना. अनेक वस्त्यांत विहाराला लागून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. तेथेच दोन टेबले, चांगले इंटरनेट आणि वीज गेली तरी चालेल असा एक इन्व्हर्टर ठेवला, तर दोन खोल्यांच्या घरातल्या मुलामुलींची, विशेषतः सुनांची, मोठी सोय होईल. रात्री साडेनऊपर्यंत दार उघडे ठेवावे लागेल आणि मुलींच्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर दिवा हवा. ज्या विहारात अशी सोय झाली असेल त्यांनी आम्हाला पोस्टकार्ड टाकावे, पत्ता या पानावर छापू.